पहिलीच्या मुलाचा घरचा अभ्यास: जूनपासून एप्रिलपर्यंत काय करावं, काय सोडून द्यावं

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिलीच्या वर्गाच्या दारात पालकांचे दोन प्रश्न हमखास असतात. घरी किती वेळ अभ्यासाला बसवायचं? आणि वाचता कधी येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदावरच आहे. केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असं म्हटलं आहे, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोच्या दरम्यान असावं असंही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान वर्गांतल्या मुलांना वाचता आणि मोजता यावं म्हणून केंद्राने ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात मिळतं. त्यात पहिलीच्या अखेरीची अपेक्षा अशी आहे: मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य, तेही आधी न पाहिलेल्या मजकुरातलं, वाचावं. ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात. सोपी बेरीज-वजाबाकी करावी. ही अपेक्षा वर्षाच्या शेवटची आहे, गणपतीची किंवा दिवाळीची नाही.

हे सुरुवातीलाच सांगते, कारण बहुतेक घरांतली रडारड यापेक्षा कितीतरी जास्त मागितल्यामुळे होते. शेजारच्या मुलीला पाढे येतात, मावसभाऊ इंग्रजी कविता म्हणतो, म्हणून आपल्या मुलालाही ओढायचं असं चालू होतं. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं मूल असतं आणि साडेसहा वर्षांचंही. या वयात वर्षभराचं अंतर फार मोठं असतं. पेन्सिल धरण्यात ते दिसतं, एका जागी बसण्यात दिसतं, डबा उघडण्यातही दिसतं. तुलना करायचीच असेल तर आपल्याच मुलाची जुलैमधली वही आणि ऑक्टोबरमधली वही शेजारी ठेवून करा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: घरात दुसरी शाळा भरवू नका. शाळेत जे चालू आहे त्यावर रोज पंधरा-वीस मिनिटं बसा, आणि बाकीचा दिवस बोलण्यात, मोजण्यात, हाताच्या कामात जाऊ द्या.

पहिली पायरी: जून-जुलै, फक्त घडी बसवणं

पहिला महिना अक्षरांचा नाही, सवयींचा आहे. डबा उघडता येणं, बाटलीचं झाकण लावता येणं, चपला-बुटांचा डावा-उजवा कळणं, शू लागली की बाईंना सांगता येणं, आपल्या वस्तू ओळखता येणं. हे जमलं नाही तर मूल वर्गात घाबरून बसतं आणि फळ्याकडे त्याचं लक्षच जात नाही. डब्याचं झाकण घरी चार वेळा उघडायला लावा. घट्ट असेल तर डबा बदला.

झोप हा अभ्यासाचाच भाग आहे. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पण घरातला टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू असेल तर नऊच्या शाळेचाही उपयोग होत नाही.

शाळेतून आल्यावर खाणं आणि खेळणं. त्यानंतर, अंधार पडायच्या आत, अभ्यासाची पंधरा-वीस मिनिटं. जागा रोज तीच, शेजारी मोठं माणूस, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वेळ संपली की अर्धवट असलं तरी वही मिटायची. "एवढी ओळ पूर्ण कर" म्हणून पाऊण तास ताणलं की दुसऱ्या दिवशी मूल वही बघूनच पळतं.

"आज शाळेत काय शिकवलं?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्या महाराष्ट्रात एकच असतं: "काही नाही." प्रश्न बदलून पाहा. आज डब्यात कोणी काय आणलं होतं? कोण आलं नव्हतं? बाई कशाला हसल्या? मधल्या सुट्टीत कोणाशी खेळलास? मूल बोलायला लागतं, आणि बोलता बोलता प्रसंग क्रमाने सांगायला शिकतं. पुढे गोष्ट समजायला आणि चार वाक्यं लिहायला हेच उपयोगी पडतं.

घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोरकू, पावरी, गोंडी बोलत असाल तर ती बंद करू नका. मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत त्याला गोष्टी सांगा. पुस्तकातला शब्द वेगळा असेल तर "आपण याला असं म्हणतो, पुस्तकात असं लिहिलंय" एवढंच सांगायचं. "पानी" म्हटलं म्हणून हसलं की मूल बोलणंच थांबवतं, आणि मुकं झालेलं मूल वाचायला फार उशिरा लागतं.

दुसरी पायरी: लिहिण्याआधी हात

पेन्सिल नीट धरता यायला बोटांत ताकद लागते आणि ती लिहून येत नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, मणी ओवणं, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढणं आणि लावणं, बोथट कात्रीने वर्तमानपत्र कापणं यातून येते. रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी यातलं एक काम मुलाला दिलं की झालं.

पाटी अजून वापरा. पाटीवर पुसता येतं, त्यामुळे चुकायची भीती राहत नाही. (पाटीवरची पेन्सिल मुलं खातात, त्यावर लक्ष ठेवा. सारखीच खात असेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगात रक्त कमी असण्याची शक्यता असते.) आधी उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, अर्धगोल, गोल. मग अक्षर.

एकच अक्षर पानभर गिरवून घेणं मला मुळीच पटत नाही. तिसऱ्या ओळीनंतर मूल अक्षराकडे बघतच नाही, वरच्या ओळीतल्या स्वतःच्या चुकीची नक्कल करत खाली येतं. पाच वेळा काढायला सांगा आणि त्यातलं सगळ्यात छान अक्षर कोणतं ते त्यालाच शोधून त्याभोवती गोल करायला सांगा. आपलं अक्षर पारखायची नजर तिथे तयार होते. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. वही थोडी उजवीकडे तिरकी ठेवा आणि उजेड उजव्या बाजूने येऊ द्या.

तिसरी पायरी: वाचन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढच्या सगळ्या इयत्ता यावर उभ्या आहेत.

पहिलीच्या पुस्तकात अक्षरं क, ख, ग अशा क्रमाने येत नाहीत. ती गटांनी येतात. पालकांना ते विचित्र वाटतं आणि ते भिंतीवरचा तक्ता पाठ करून घ्यायला लागतात. गटाचं कारण साधं आहे. म, क, ळ, ग, र एवढी पाच अक्षरं कळली की मूल कमळ, मगर, गरम, गळ असे शब्द स्वतः वाचू शकतं. क ते ज्ञ पाठ असलेलं मूल मात्र "म" कुठला हे विचारलं की "क ख ग" पासून म्हणत म्हणत तिथपर्यंत जातं. म्हणून नियम एकच: शाळेत जो गट चालू आहे तोच घरी. पुढचा गट नाही, बाराखडी तर नाहीच. कोणता गट चालू आहे हे वहीवरून कळत नसेल तर बाईंना विचारा. पुस्तक फाटलं किंवा हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर मोठं लिहा. रोज पाच-सहा कार्डं घेऊन बसा. आधी नुसता आवाजाचा खेळ: "म ने सुरू होणारं घरात काय काय आहे?" मीठ, मांजर, मोबाइल. मग कार्डं जुळवून शब्द.

एक नेहमीचा प्रसंग सांगते. समोर "गरम" जुळवलं आहे. मूल म्हणतं, "ग... र... म." तुम्ही म्हणता, "आता एकदम." मूल म्हणतं, "मगर!" इथे बहुतेक जण "अरे, नीट बघ" म्हणून ओरडतात किंवा स्वतःच शब्द सांगून टाकतात. दोन्ही करू नका. मुलाने अक्षरं बरोबर ओळखली आहेत, फक्त ती जोडताना ओळखीचा शब्द डोक्यात आला. पहिल्या कार्डाखाली बोट ठेवा. "पहिलं कोण?" "ग." "मगर म्हणताना पहिलं कोण येतं?" मूल पुटपुटून बघतं, थांबतं, आणि बहुतेक वेळा स्वतःच म्हणतं, "गरम!" थांबायचे हे पाच-सात सेकंद मोठ्यांना जड जातात. पण मूल वाचायला शिकतं ते त्याच सेकंदांत.

दुसरी फसगत पाठांतराची. मूल पूर्ण पान घडाघडा वाचतं, घरात सगळे खूश होतात, आणि खरं तर ते चित्र बघून तोंडपाठ म्हणत असतं. खात्री करायची असेल तर चित्रावर हात ठेवा आणि मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा. नाही आलं तर रागवायचं कारण नाही. पाठांतर ही वाचनाच्या आधीची पायरी आहे, त्या पानावर बोट फिरवत दोन दिवस पुन्हा वाचा.

काना आला की मळ-माळ, गर-गार अशा जोड्या करा. एका वेळी एकच चिन्ह. पहिली वेलांटी मुलांना अडवते, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि आवाज मात्र नंतर येतो. ते एकदा बोट ठेवून दाखवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या वर्षी सोडून द्या. मूल "पाणि" लिहित असेल तर त्याला आवाज ओळखता आला आहे, याचा आनंद माना. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका, गोंधळ पक्का होतो. चार आणि चाक यांतला "च" वेगळा वाजतो हेही मुलाच्या लक्षात येतं. विचारलं तर "हो, अक्षर एक आणि आवाज दोन" असं खरं सांगा.

आणि रोज झोपताना दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा. तेव्हा प्रश्न विचारायचे नाहीत, अक्षरं ओळखायला लावायची नाहीत. तुम्हाला वाचता येत नसेल तर गोष्ट सांगा. ज्या आईबाबांना अक्षरओळख नाही त्यांनी आपण काय मदत करणार असं मनात आणू नये. मुलाला पुस्तक घेऊन शेजारी बसवा, बोट ठेवून वाचायला सांगा आणि ऐका. बोट अडखळलं, डोळे पानावरून उठले, हे तुम्हालाही दिसतं. आजी-आजोबांच्या गोष्टी, उखाणे, कोडी, जात्यावरच्या ओव्या हे या वयाला शिकवणीपेक्षा मोलाचं आहे.

चौथी पायरी: मोजणी आणि मराठी संख्यांची अडचण

शंभरपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पसाभर शेंगा पुढे ठेवा आणि मोजायला सांगा. बोट एका शेंगेवर आणि तोंड दुसऱ्या अंकावर असेल तर आधी दहापर्यंतच पक्कं करा. मग मुठीचा खेळ: सात चिंचोके दाखवा, काही मुठीत लपवा, बाकीचे समोर ठेवा. "मुठीत किती?" वही न उघडता बेरीज आणि वजाबाकी दोन्ही होतात. दोन फाशांचा सापशिडीचा डाव म्हणजे बेरजेचा आणि संख्यावाचनाचा सगळ्यात स्वस्त सराव.

वीसच्या पुढे मराठीत खरी अडचण येते. "सत्तावीस" म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र दोन आधी. म्हणून मुलं २७ ऐवजी ७२ लिहितात. "एकोणतीस" मध्ये कानावर पडतो तो तीस, म्हणून मूल ३९ लिहून मोकळं होतं. हा निष्काळजीपणा नाही. मूल कानाने ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहीत असतं.

यावर उपाय असा. आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्यांचे तुकडे घ्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. सत्तावीस म्हणजे दोन गठ्ठे आणि सात सुट्या. गठ्ठे नेहमी मुलाच्या डावीकडे ठेवा. आधी गठ्ठे मोजायचे, लिहायचे, मग सुट्या. दहा रुपयांच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी वापरली तर आणखी पटकन कळतं. एकोणतीससाठी तीन गठ्ठे ठेवा, एक गठ्ठा सोडा आणि त्यातली एक काडी मुलालाच काढायला सांगा. "तीसला एक कमी" हे त्याने हाताने केलं की एकोणचाळीस, एकोणपन्नास आपोआप सुटतात. फक्त एकोणनव्वदनंतरचा नव्व्याण्णव वेगळ्या घडणीचा आहे, तो तसाच सांगा.

सेमी इंग्रजीत आणखी एक घोळ होतो. देवनागरी चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा. शाळेत गणित ज्या अंकांत चालतं तेच अंक घरी वहीत वापरा. दुसरे घड्याळावर, बसच्या पाटीवर, कॅलेंडरवर नुसते ओळखू द्या.

पाढ्यांची घाई नको.

पाचवी पायरी: वर्गातले उपक्रम

परिपाठ, कागदकाम, मातीकाम, ठसेकाम, वेशभूषा, स्नेहसंमेलन याला "अभ्यासाबाहेरचं" समजू नका. राज्यात २०१० मध्ये आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिलीला १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाला ठेवले होते. म्हणजे वर्षभराचं निरीक्षण, तोंडी काम, कृती, उपक्रम. लेखी चाचणीचा वाटा लहान.

म्हणून उपक्रम मुलानेच करायला हवा. आकाशकंदील वाकडा झाला तरी चालेल. दुकानातून आणलेला किंवा बाबांनी रात्री जागून केलेला चकचकीत कंदील वर्गात आला की बाईंना तो लगेच ओळखू येतो, आणि मुलाला तर माहीतच असतं की आपण काहीच केलेलं नाही. तुम्ही साहित्य जमवा, धारदार कापाकापी करा, बाकी हात बाजूला ठेवा.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती किंवा १४ नोव्हेंबरला बालदिन असला की भाषणाचा कागद घरी येतो. दोन पानांचं भाषण पाठ करवून घेऊ नका. त्या व्यक्तीची गोष्ट आधी सांगा, मग विचारा, "तुला यातलं काय आवडलं?" मूल सांगेल ती चार वाक्यं, त्याच्याच शब्दांत, हेच भाषण. आजीसमोर एकदा, शेजाऱ्यांसमोर एकदा म्हटलं की पुरे. वर्गात जाऊन विसरलं तर "काय हे, एवढं पाठ केलं होतं" हे वाक्य घरात कोणीही बोलायचं नाही, असं आधीच ठरवा.

वर्गात तुम्हीही जाऊ शकता. बाईंना विचारून वेळ ठरवा. एसटी चालवणारे बाबा, दवाखान्यात काम करणारी आई, कुंभारकाम करणारे आजोबा वर्गात पंधरा मिनिटं येऊन आपलं काम दाखवतात, तेव्हा त्या मुलाची मान ताठ होते, आणि वर्गाला शब्दांचा खजिना मिळतो. गावात माता पालक गट असेल तर त्यात जरूर सामील व्हा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला स्थलांतर करणार असाल तर निघण्याआधी शाळेला सांगा आणि मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं.

सहावी पायरी: बाईंशी बोलणं आणि वेळेवर ओळखणं

पालकसभेत "आमचा कसा आहे?" एवढंच विचारलं तर "बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा. तो वर्गात स्वतःहून बोलतो का? कोणत्या अक्षरगटावर अडतो? मधल्या सुट्टीत एकटा असतो का? या महिन्यात घरी एकच गोष्ट करायची तर कोणती? पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुसऱ्या मुलांच्या वह्यांचे फोटो बघून हे प्रश्न ठरवू नका.

इंग्रजी माध्यमात मूल असेल आणि घरात मराठी असेल तर घरी मराठीच भरपूर बोला. तुटक्या इंग्रजीपेक्षा समृद्ध मराठीवर इंग्रजी लवकर चढते. २०२०-२१ पासून राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत टप्प्याटप्प्याने मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा ती तशीही लागणारच.

दिवाळीच्या सुट्टीनंतरही मूल आपल्या नावातली अक्षरं ओळखत नसेल, फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करत असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, किंवा रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि पथकाने पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली तर तो कागद जपून ठेवून जिल्हा रुग्णालयात जा. अक्षरं उलटी लिहिणं पहिलीत सर्रास दिसतं, त्यावरून लगेच कोणताही शिक्का मारू नका. दुसरीच्या मध्यापर्यंत तसंच राहिलं तर मुलाच्या पहिलीच्या आणि दुसरीच्या वह्या घेऊन बाईंसोबत गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे शिकताना जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांसाठीच्या, विशेष शिक्षकांना भेटा. म्हणून पहिलीची एकही वही रद्दीत घालू नका.